सोंगटीकडे होता १०, मग तिने स्ट्रायकरला १५ दिला कुठून?

पाचपाखाडी | शनिवार, रात्री १०:१५

लेक नववीत आहे, सेमीला. आज घटक चाचणीचा विज्ञानाचा पेपर घरी आणला. बाकी सगळं ठीक, एका गणिताला शून्य. त्यावरून संध्याकाळपासून आमचा वाद चाललाय. वाद गुणांचा नाही, म्हणूनच इथे लिहितेय.

गणित असं: ५ ग्रॅमची कॅरमची सोंगटी २ मीटर प्रतिसेकंद वेगाने जाऊन बोर्डावर स्थिर असलेल्या १५ ग्रॅमच्या स्ट्रायकरवर समोरासमोर आदळते. टकरीनंतर स्ट्रायकर १ मीटर प्रतिसेकंद वेगाने पुढे जातो. सोंगटीचा टकरीनंतरचा वेग काढा.

तिने मांडणी बरोबर केली होती. संवेग म्हणजे वस्तुमान गुणिले वेग. आधीचा संवेग ५ गुणिले २, म्हणजे १०. नंतर स्ट्रायकरचा १५ गुणिले १, म्हणजे १५. दहातून पंधरा गेले, उरले उणे ५, त्याला ५ ने भागलं, उत्तर उणे १. इथे पोचल्यावर तिला वाटलं, वेग कधी उणे असतो का? आपलंच काहीतरी चुकलं. तिने उणेचं चिन्ह गिरवून गिरवून खोडलं आणि १ लिहिला. कागद त्या जागी जवळजवळ फाटलाय.

घरी आल्यावर तिनेच ताळा करून पाहिला. १५ अधिक ५, झाले २०. आधी १०, नंतर २०. "आई, नियम संवेगाच्या अक्षय्यतेचा आहे ना, एकूण संवेग तेवढाच राहतो असा? मग संवेग दुप्पट कसा झाला?" मी खोडलेल्या चिन्हावर बोट ठेवलं. उणे म्हणजे उलट दिशा, १५ उणे ५, बरोबर १०. ते तिला पटलं. पण पुढचा प्रश्न तिने असा विचारला की मी गप्प बसले: "सोंगटीकडे सगळा मिळून १० होता. मग तिने स्ट्रायकरला १५ दिला कुठून? जवळ आहे त्याहून जास्त कोणी कसं देईल?"

मी कॉमर्सची. नुसतं "सूत्रात तसंच येतं" म्हणून तिला परत पाठवायचं नाहीये. कोणी नीट समजावून सांगेल का?

---

खारघर_टेकडी | शनिवार, रात्री १०:५२

ताई, प्रश्न फार चांगला आहे. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे मी, पण हा प्रश्न मला कधी सुचला नव्हता.

टक्कर क्षणात होते म्हणून आपण "आधी" आणि "नंतर" एवढंच पाहतो. मधला काळ ताणून पाहू. सोंगटी स्ट्रायकरला टेकली. ती त्याला पुढे ढकलते, तो तिला तेवढ्याच बलाने मागे ढकलतो. बल सारखं, वेळ सारखी, म्हणून स्ट्रायकरला जेवढा संवेग मिळतो तेवढाच सोंगटीचा कमी होतो. सोंगटीचा ९ झाला की स्ट्रायकरचा १. सोंगटीचा ६, स्ट्रायकरचा ४. असं करत एक क्षण येतो, सोंगटीचा शून्य आणि स्ट्रायकरचा १०. सोंगटी त्या क्षणी पूर्ण थांबलेली आहे. तुमच्या लेकीच्या मते व्यवहार इथे संपायला हवा.

पण संपत नाही. दोघींच्या कडा अजून दबलेल्या आहेत. लाकूड आणि स्ट्रायकरचं प्लॅस्टिक डोळ्यांना कडक दिसतं, तरी टकरीत कणभर दबतंच, आणि दबलेली वस्तू स्प्रिंगसारखी फाकू पाहते. फाकताना ती स्ट्रायकरला अजून पुढे लोटते आणि थांबलेल्या सोंगटीला मागे. सोंगटी उणे १, स्ट्रायकर ११. उणे ३ आणि १३. शेवटी उणे ५ आणि १५, तेव्हा कुठे दोन्ही कडा सुटतात.

तुम्ही कॉमर्सच्या आहात म्हणून सांगतो, सोंगटीचं खातं १० वरून उणे ५ वर गेलं. एकूण १५ बाहेर गेले. फरक एवढाच की बँकेत उणे शिल्लक म्हणजे देणं, इथे उणे शिल्लक म्हणजे सोंगटी खरोखर मागे येताना डोळ्यांना दिसते.

---

पाचपाखाडी | शनिवार, रात्री ११:०५

तिला वाचून दाखवलं. "थांबली तरी दबलेली आहे" या वाक्याला ती उठून बसली. उद्या सकाळी बोर्ड काढायचा म्हणतेय. आता झोपत नाही बहुतेक.

---

शंटर_काका | रविवार, सकाळी ६:४०

आयुष्यभर रेल्वेच्या यार्डात काम केलं, आता कळव्याला घरी. आम्हाला संवेग हा शब्द माहीत नव्हता, पण तो अंगात भिनलेला होता.

डबे जोडताना जे होतं ते सांगतो. सोपे आकडे घेतो. भरलेला ८० टनांचा एक डबा, माणूस भराभर चालतो त्या वेगाने, म्हणजे १.५ मीटर प्रतिसेकंदाने येतोय. पुढे तसेच तीन डबे, ब्रेक सोडून उभे. आदळला, कपलिंग लागलं, चारही एकत्र निघाले. वजन चौपट झालं, वेग चतुर्थांश, ०.३७५. चालणारा माणूस एकदम मुंगीच्या पावलांनी जायला लागावा तसं. हे मी रोज बघितलंय. चारच्या जागी आठ डबे असतील तर धक्का मोठा येतो आणि रांग जेमतेम हलते.

नवीन पोरांना आम्ही एकच गोष्ट बजावायचो. डबा हळू येतोय म्हणून त्याला हलका समजू नका. ८० टन मुंगीच्या वेगाने आले तरी मधे माणूस थांबवू शकत नाही. वेग डोळ्यांना दिसतो, वजन दिसत नाही, आणि धोका दोघांच्या गुणाकारात असतो.

---

तलावपाळी | रविवार, सकाळी ९:१०

काकांचं उदाहरण आवडलं. पण मला वाटतं प्रत्यक्षात संवेग पूर्ण टिकत नाही. टकरीत "टक्" असा आवाज होतो, वस्तू थोड्या तापतात. म्हणजे थोडा संवेग आवाजात आणि उष्णतेत जात असणार. पुस्तकातला नियम आदर्श परिस्थितीसाठी असतो.

---

ऐरोलीचे_सर | रविवार, सकाळी १०:३०

तलावपाळी, ही समजूत अकरावीच्या वर्गात दर वर्षी निम्म्या मुलांची असते, म्हणून सविस्तर लिहितो. राग मानू नका.

आवाजात आणि उष्णतेत जाते ती ऊर्जा. ऊर्जेला दिशा नाही. काकांच्या डब्यांचाच हिशेब करा. टकरीपूर्वी गतिज ऊर्जा ९०,००० ज्यूल. टकरीनंतर चार डब्यांची मिळून २२,५००. पाऊण ऊर्जा डब्यांच्या टोकांना धक्का झेलणाऱ्या बफरच्या स्प्रिंगांत, आवाजात, तापण्यात गेली. आणि संवेग? ८० गुणिले १.५ म्हणजे १२०. नंतर ३२० गुणिले ०.३७५, पुन्हा १२०. एक कणही कमी नाही. पाऊण ऊर्जा गेली तरी संवेग जागचा हलला नाही.

कारण उष्णता म्हणजे रेणूंची सैरावैरा हालचाल. जेवढे रेणू उजवीकडे तेवढेच डावीकडे. प्रत्येकाची ऊर्जा अधिकच असते, उणे कधी नसते, म्हणून ती साठत जाते. पण त्यांचे संवेग दिशेमुळे एकमेकांना खोडतात. उष्णता ऊर्जा लपवू शकते, संवेग लपवायला तिच्याकडे जागाच नाही.

म्हणून वर्गात मी फळ्यावर आधी एक रिंगण काढतो. ज्या वस्तूंचा हिशेब करायचा त्या रिंगणात, बाकी सगळं बाहेर. मग एकच प्रश्न: बाहेरून कोणी ढकलतंय का? नसेल तर आत काहीही होऊ दे, आदळू दे, चिकटू दे, फुटू दे, तापू दे, एकूण संवेग तोच. नववीच्या पुस्तकातली "बाह्य बल कार्यरत नसेल तर" ही अट मुलं घोकतात, पण रिंगण काढत नाहीत. मग गणितं चुकतात.

अक्षय्यता या शब्दाबद्दलही थोडं. अक्षय्य म्हटलं की अक्षय्य तृतीया आठवते, कधी न संपणारं. इथे त्याहून कडक अर्थ आहे. संवेग संपत नाही, तसाच वाढतही नाही. ताईंच्या लेकीला २० आल्यावर जो संशय आला तो म्हणूनच योग्य होता. तिने ताळा केला हे मला त्या शून्यापेक्षा मोठं वाटतं.

---

तलावपाळी | रविवार, सकाळी १०:४८

माझं चुकत होतं. उष्णतेला दिशा नाही हे वाचल्यावर लक्षात आलं. धन्यवाद सर.

---

रात्रपाळी | रविवार, दुपारी १२:२०

सर, मग चेंडू भिंतीवर मारला की? भिंत हलत नाही. चेंडूचा संवेग मात्र पूर्ण उलटतो. तिथे नियम मोडला ना?

---

खारघर_टेकडी | रविवार, दुपारी १२:४१

रिंगण काढा. रिंगणात फक्त चेंडू घेतला, तर भिंत ही बाहेरची. तिने ढकललं, संवेग बदलला. नियम मोडला नाही, नियमाची अट तिथे लागूच नव्हती. रिंगण मोठं करा, भिंत आत घ्या. पण भिंत इमारतीला, इमारत जमिनीला. शेवटी पृथ्वीच आत घ्यावी लागते. ६० ग्रॅमचा टेनिस बॉल १० च्या वेगाने गेला आणि ८ च्या वेगाने परत आला, तर पृथ्वीला १.०८ किलोग्रॅम मीटर प्रतिसेकंद संवेग मिळाला. पृथ्वीचं वस्तुमान सुमारे ६ गुणिले १० चा २४ वा घात किलो. भागून पाहा, वेग येतो दशांश चिन्हानंतर २४ शून्यं आणि मग १८. हलली नक्की, कोणाला कळलं नाही.

इथेही १० गुणिले १८ चं कोडं तेच आहे. चेंडू ०.६ घेऊन गेला आणि १.०८ देऊन आला. परत उडणारी वस्तू नेहमी आणल्यापेक्षा जास्त देते.

---

पाचपाखाडी | रविवार, दुपारी २:३५

"१० गुणिले १८" लिहिण्यात गडबड झाली का? ०.०६ गुणिले १८ हवं असं लेक म्हणतेय.

---

खारघर_टेकडी | रविवार, दुपारी २:४०

बरोबर तिचं. ०.०६ गुणिले १८, म्हणजे १.०८.

आणि बोर्ड काढलाच आहे तर नुसतं खेळू नका, मोजा. स्टॉपवॉच नको, मोबाइलचा स्लो-मोशनही नको, फक्त पट्टी लागेल. बोर्डावर घसरणारी वस्तू घर्षणाने थांबते. गतीचं तिसरं समीकरण आठवा: वेगाचा वर्ग अंतराच्या प्रमाणात. म्हणजे टकरीनंतर कोण किती घसरलं ते मोजायचं आणि त्याचं वर्गमूळ काढायचं. ते वेगाच्या प्रमाणात असेल.

जाड पुठ्ठ्याची छोटी घसरगुंडी करा, खालचं टोक बोर्डाला चिकटपट्टीने लावा म्हणजे पायरी राहणार नाही. दर वेळी त्याच खुणेवरून स्ट्रायकर सोडायचा. बोटाने मारायचा नाही, बोटाचा जोर सारखा येत नाही. आधी एकटा सोडून कुठवर जातो ते पाहा. मग त्याच्या वाटेत सोंगटी ठेवा.

---

रात्रपाळी | रविवार, संध्याकाळी ५:०५

मी अपघात विभागात नर्स आहे, ड्यूटीला निघण्यापूर्वी लिहिते. तुमच्या या चर्चेतलं "बल आणि वेळ" आमच्याकडे रोज येतं, घोडबंदर रोडवरून तर फारच.

आम्हाला प्रशिक्षणात सांगितलं होतं ते असं. डोकं साधारण ५ किलो धरा. गाडी उभी असताना नुसता तोल जाऊन माणूस पडला तरी डोकं जवळजवळ ६ मीटर प्रतिसेकंदाने जमिनीवर येतं, उभ्या माणसाच्या उंचीवरून पडल्यावर एवढाच वेग होतो. संवेग ३०. तो शून्य व्हायचाच आहे, हेल्मेट असो की नसो. हेल्मेटच्या आतला थर्माकोलसारखा थर दोन-अडीच सेंटिमीटर दबतो, तेवढ्यात डोकं थांबतं, वेळ मिळतो साधारण ८ मिलिसेकंद, सरासरी बल ३,६०० न्यूटनच्या आसपास. हेल्मेट नसेल तर त्वचा आणि हाड मिळून अर्धा सेंटिमीटरही दबत नाही. तिथे हेच बल १८,००० च्या वर जातं.

लोक म्हणतात जवळच जायचंय, हळूच चालवतोय. त्यांना मी पडण्याच्या उंचीचं हे गणित सांगते. बाईकचा वेग शून्य असला तरी ३० संवेग जमिनीशी गाठ घालतोच. आणि एकदा आपटलेल्या हेल्मेटमधला थर दबून राहतो, पुन्हा फुगत नाही. बाहेरून चकचकीत दिसलं तरी ते बदला. पट्टा लावल्याशिवाय तर हेल्मेटचा काहीच उपयोग नाही, ते डोक्याच्या आधी निघून जातं.

---

शंटर_काका | रविवार, संध्याकाळी ५:३०

ताई, हे सगळ्यांनी वाचायला हवं. आमचे बफरही हेच करायचे. वेळ वाढवायचे.

---

पाचपाखाडी | रविवार, रात्री ८:५०

झालं मोजून. दिवसभर हॉलमध्ये बोरिक पावडर उडतेय, पण झालं.

आधी वजनं. किचनच्या काट्यावर एक सोंगटी ठेवली की कधी ५ दाखवतो, कधी ६. लेकीने दहा सोंगट्या एकदम ठेवल्या, ५० ग्रॅम आले. स्ट्रायकर १५. म्हणजे स्ट्रायकर तिप्पट, पेपरातल्यासारखाच.

वहीच्या पुठ्ठ्याची घसरगुंडी केली. एकटा स्ट्रायकर टकरीच्या खुणेपासून ३३ सेंटिमीटर जाऊन थांबतो. पाच वेळा सोडला, एक-दीड सेंटिमीटर इकडेतिकडे. मग खुणेवर सोंगटी ठेवली. पहिल्या कित्येक वेळा तिरकी लागली आणि दोघी दोन बाजूंना गेल्या. त्या सोडून दिल्या. सरळ गेलेल्या सहा टकरी धरल्या. सरासरी: स्ट्रायकर ९.५ सेंटिमीटर, सोंगटी ५८.

हिशेब तिने केलाय, मी टाइप करते. सोंगटीचं वस्तुमान १ धरलं, स्ट्रायकरचं ३. आधी: ३ गुणिले ३३ चं वर्गमूळ, १७.२३. नंतर: ३ गुणिले ९.५ चं वर्गमूळ ९.२५, अधिक ५८ चं वर्गमूळ ७.६२, एकूण १६.८७. दोन टक्क्यांचा फरक!

मग तिनेच ऊर्जाही काढली. वर्गमूळ न काढता नुसतं वस्तुमान गुणिले अंतर. आधी ९९. नंतर २८.५ अधिक ५८, म्हणजे ८६.५. साडेबारा टक्के कमी. तिचा प्रश्न आहे, संवेगातले २ टक्के ही मोजणीतली चूक म्हणायची, तर ऊर्जेतले साडेबारा टक्केही चूकच का म्हणायचे नाहीत?

---

ऐरोलीचे_सर | रविवार, रात्री ९:४०

मला तिला शाबासकी द्यायची आहे. पुठ्ठा आणि पट्टीवर २ टक्के ही फार चांगली मोजणी आहे.

तिच्या प्रश्नाचं उत्तर तिच्याच आकड्यांत आहे. दोन वस्तू किती वेगाने जवळ आल्या आणि किती वेगाने दूर गेल्या, हे पाहायचं. पूर्ण स्थितिस्थापक टकरीत, म्हणजे गतिज ऊर्जा अजिबात जात नाही अशा टकरीत, दोन्ही सारखे येतात, आणि तिप्पट जड स्ट्रायकर निम्म्या वेगावर यायला हवा, सोंगटी दीडपट वेगाने सुटायला हवी. वर्ग केले तर सोंगटीने स्ट्रायकरच्या नऊपट अंतर जायला हवं. तुमच्याकडे सहापट आलंय. सहा-नऊ हा फरक पट्टी वाचण्यातल्या चुकीने येत नाही. त्यावरून जवळ येण्याच्या वेगाच्या साधारण ०.८ पट वेगाने त्या दूर गेल्या असं निघतं. म्हणजे ऊर्जा खरोखर गेली, त्या "टक्" मध्ये गेली. तलावपाळींनी ऐकलेला आवाज खराच होता.

दोन शंका मात्र मी परीक्षकाच्या नजरेने काढतो.

एक, बोर्डाचं घर्षण हे बाहेरचं बल आहे. मग रिंगणाची अट मोडली नाही का? टकरीपुरती नाही. समजा घर्षणामुळे वेग दर सेकंदाला १ मीटर प्रतिसेकंदाने कमी होतोय. टक्कर फार तर मिलिसेकंदभर चालते. तेवढ्यात घर्षण वेगातून ०.००१ काढून घेईल. तुमच्या स्ट्रायकरचा वेग ०.८ च्या घरात असणार. हजारात एकदीड. म्हणून टकरीच्या लगेच आधी आणि लगेच नंतर हिशेब करायचा, दोन सेकंदांनी नाही.

दुसरी शंका जास्त महत्त्वाची. स्ट्रायकर प्लॅस्टिकचा, सोंगटी लाकडाची. दोघांचं बोर्डाशी घर्षण सारखंच कशावरून? सारखं नसेल तर अंतरांची तुलनाच चालणार नाही. हे तपासायला हवं. कसं, ते तिला विचारा. मी सांगत नाही.

---

खारघर_टेकडी | रविवार, रात्री १०:२०

सरांची दुसरी शंका माझ्या डोक्यातच आली नव्हती, प्रयोग सुचवताना यायला हवी होती.

मूळ प्रश्नाला धरून एक उदाहरण देतो. २६ सप्टेंबर २०२२ ला, आपल्याकडे २७ ची पहाट होती, नासाचं डार्ट यान डिमॉर्फस या छोट्या लघुग्रहावर मुद्दाम आदळवलं. यान साधारण ५८० किलो, वेग सेकंदाला ६ किलोमीटरच्या वर. डिमॉर्फस एका मोठ्या लघुग्रहाभोवती ११ तास ५५ मिनिटांत फिरत होता, टकरीनंतर ११ तास २३ मिनिटांत फिरू लागला. यान तर त्यात रुतून संपलं, परत उडालं नाही. तरी डिमॉर्फसला मिळालेला संवेग यानाने आणलेल्यापेक्षा जास्त निघाला, अंदाजे साडेतीन पट. कारण आघाताने तिथले दगडधोंडे आणि धूळ उलट दिशेला उसळली. त्यांचा संवेग उणे, म्हणून डिमॉर्फसचा तेवढा अधिक.

म्हणजे "जवळ आहे त्याहून जास्त दिला कुठून" हा प्रश्न पाचपाखाडीतल्या कॅरम बोर्डावर जितका खरा, तितकाच तिथेही. उत्तरही तेच. मागे काय उडालं ते बघा.

---

ऐरोलीचे_सर | रविवार, रात्री १०:५५

आणि उणे चिन्ह खोडणारी ती पहिली नाही, हेही तिला सांगा. फ्रान्सच्या रेने देकार्तने १६४४ मध्ये टकरींचे नियम छापले. "गतीचं एकूण प्रमाण कायम" ही कल्पना त्याचीच, पण त्याने त्यात चाल घेतली, दिशा घेतली नाही. त्यामुळे त्याचा एक नियम असा निघाला की लहान वस्तू कितीही वेगाने आली तरी स्थिर असलेल्या मोठ्या वस्तूला हलवूच शकत नाही, तेवढ्याच वेगाने परत फिरते. सोंगटीने स्ट्रायकर हलतो हे आपल्याकडे लहान मूलही जाणतं.

चूक हॉलंडच्या हायगेन्झला दिसली. त्याची युक्ती पाहण्यासारखी आहे. दोन सारखे कडक गोळे सारख्या वेगाने समोरासमोर आदळले तर तेवढ्याच वेगाने परत फिरतील, एवढं त्याने धरून चाललं. मग हा खेळ एका चालत्या बोटीत होतोय अशी कल्पना केली. आपली ठाण्याच्या तलावपाळीची बोट घ्या. बोटीतल्या माणसाला दोन्ही गोळे १ च्या वेगाने येताना दिसतात. बोटही १ च्या वेगाने चाललीय. काठावर भेळ खात बसलेल्या माणसाला काय दिसेल? एक गोळा २ ने येतोय, दुसरा स्थिर. टकरीनंतर पहिला स्थिर, दुसरा २ ने पुढे. एकही नवा प्रयोग न करता त्याने दुसऱ्या टकरीचं उत्तर काढलं. सोंगटीने सोंगटीला सरळ मारली की मारणारी जवळजवळ जागीच थांबते, ते हेच.

१६६८ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने टकरींचे नियम मागवले, तेव्हा वॉलिस, रेन आणि हायगेन्झ या तिघांनी आपापली उत्तरं पाठवली. दिशा धरून हिशेब केला की एकूण कायम राहतो, हे तेव्हा पक्कं झालं. न्यूटनचा ग्रंथ त्यानंतर, १६८७ चा. देकार्तसारख्या माणसाला जे चिन्ह नीट लागलं नाही, ते तिच्या वहीत आपोआप आलं होतं. फक्त त्यावर विश्वास ठेवायचा राहिला.

---

पाचपाखाडी | सोमवार, संध्याकाळी ७:२५

आता लेकीच्या हातात मोबाइल देतेय.

सर, मी तीच. घर्षण असं तपासलं: त्याच पुठ्ठ्यावरून त्याच खुणेवरून आधी एकटा स्ट्रायकर सोडला, मग एकटी सोंगटी. दोघी ३३ सेंटिमीटरच्या आसपास थांबल्या. वजन तिप्पट असून अंतर सारखं आलं, म्हणजे घर्षणाने दोघींचा वेग सारखाच कमी होतो. म्हणून अंतरांची तुलना चालेल असं मला वाटतं.

मग पेपरातलं गणित खरंच करून पाहिलं. खुणेवर स्ट्रायकर ठेवला आणि पुठ्ठ्यावरून सोंगटी सोडली. सरळ लागलेल्या पाच वेळा धरल्या. स्ट्रायकर साडेसहा सेंटिमीटर पुढे गेला. सोंगटी ४ सेंटिमीटर मागे आली. पुढे एकदाही गेली नाही.

आधी: ३३ चं वर्गमूळ, ५.७४.
नंतर: स्ट्रायकरचा ३ गुणिले २.५५, म्हणजे ७.६५. सोंगटीचा २.
उणे धरून ५.६५. उणे खोडून ९.६५.